वाचकांचे प्रश्न : नाव एक, धनी अनेक

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. युरोपचा इतिहास, कला किंवा संगीत यांविषयी वाचताना तेच नाव आणि तेच आडनाव पुन्हा पुन्हा भेटते, पण दर वेळी माणूस तोच असेल याची खात्री देता येत नाही. काही वेळा तर तो माणूसच नसतो, जहाज किंवा विमानतळ असतो. त्यांतील निवडक प्रश्न, आवश्यक तेथे थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात फ्रान्सिस बेकन वैज्ञानिक पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणून भेटतात आणि चित्रकलेच्या पुस्तकात किंचाळणाऱ्या पोपची चित्रे काढणारे म्हणून. ही एकच व्यक्ती असणे शक्य वाटत नाही. पण नाव आणि आडनाव दोन्ही जुळण्याचे प्रसंग युरोपात इतके का यावेत?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, ही दोन माणसे आहेत आणि त्यांच्यात तीन शतकांहून अधिक अंतर आहे. तत्त्वज्ञ बेकन १५६१ ते १६२६ या काळातील, तर चित्रकार बेकन १९०९ मध्ये डब्लिन येथे जन्मले आणि १९९२ मध्ये माद्रिद येथे वारले. एवढे अंतर असले की गफलत फार काळ टिकत नाही. खरा घोळ होतो तो समकालीनांच्या बाबतीत, आणि त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग पाहू.

नावे जुळतात याचे मुख्य कारण आडनावात नसून पहिल्या नावात आहे. बाप्तिस्मा देताना मुलाला एखाद्या संताचे, धर्मपित्याचे किंवा आजोबांचे नाव द्यायचे, ही पद्धत शतकानुशतके चालत आल्यामुळे नावांचा साठा फारच आटोपशीर राहिला. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडच्या कोणत्याही गावाची नोंदवही उघडली, तर जॉन, टॉमस आणि विल्यम या नावांनीच पाने भरलेली दिसतात. आडनावांचे उगमही मोजकेच : बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण, शरीराची एखादी खूण किंवा धंदा. लोहार आणि गिरणीवाला प्रत्येक गावात असल्यामुळे इंग्लंडमधील स्मिथ, जर्मनीतील श्मिट आणि म्युलर ही आडनावे शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली. म्हणून दोन म्युलर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे मुळीच नाही.

ही आडनावे पक्की झाली ती नोंदवह्यांमुळे. इंग्लंडमध्ये चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा आदेश १५३८ मध्ये निघाला, फ्रान्समध्ये राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३९ पासून सक्तीच्या झाल्या, आणि १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक जगात अशा वह्यांना सार्वत्रिक रूप दिले. त्याआधी माणसाचे उपनाम त्याच्या हयातीतही बदलू शकत असे. वहीत चढल्यावर ते मुलाकडे आणि नातवाकडे जसेच्या तसे जाऊ लागले. फ्रान्सने तर १८०३ च्या कायद्याने पहिली नावेही निरनिराळ्या पंचांगांतील नावे आणि प्राचीन इतिहासातील व्यक्तींची नावे एवढ्यांपुरती मर्यादित केली. विसाव्या शतकात ही बंधने हळूहळू सैल झाली खरी, तरी पालकांना नावाची मोकळीक कायद्याने मिळाली ती १९९३ मध्ये. इतक्या आखूड यादीतून दोन शब्द निवडायचे म्हटल्यावर जुळणी होणारच.

आता समकालीनांची गोष्ट. १८९९ साली विन्स्टन चर्चिल नावाच्या एका तरुण इंग्रज वार्ताहराला त्याच्या कादंबरीबद्दल अभिनंदनाची पत्रे येऊ लागली. त्याची कादंबरी त्या वेळी नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होत असल्यामुळे त्याला आधी आनंदच वाटला. पण ही सारी पत्रे अमेरिकेतील विन्स्टन चर्चिल नावाच्या दुसऱ्याच कादंबरीकाराच्या पुस्तकाबद्दल होती, आणि हा अमेरिकी लेखक तेव्हा इंग्रज चर्चिलपेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध होता. इंग्रज चर्चिलने त्याला पत्र लिहिले. 'श्री. विन्स्टन चर्चिल हे श्री. विन्स्टन चर्चिल यांना अभिवादन करून' अशा थाटाची त्या पत्राची सुरुवात होती, आणि यापुढे आपण स्वतः 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू, असे त्यात कळवले होते. अमेरिकी लेखकाने आभार मानून उत्तर दिले की आपल्याला दुसरे एखादे नाव असते, तर आपणही ते आनंदाने जोडले असते. इंग्रज चर्चिल यांनी हा शब्द पुढे पाळला. पंतप्रधान झाल्यावर नाव सांगताच त्यांची ओळख पटत असे, तरी त्यांच्या ग्रंथांवर 'विन्स्टन एस. चर्चिल' असेच छापलेले दिसते. तो 'एस' दिखाव्याचा नसून कराराचा आहे. जुन्या पुस्तकांच्या यादीत तो नसेल, तर पुस्तक अमेरिकी लेखकाचे असण्याची शक्यता आधी तपासावी.

प्रश्न : बाप आणि मुलगा यांचे नाव एकच असेल, तर कृती कोणाची हे कसे ओळखावे? योहान स्ट्राउस आणि अलेक्झांडर द्युमा यांच्याबाबत माझा नेहमी घोटाळा होतो.

उत्तर : व्हिएन्नातील नववर्षाच्या संगीतसभेचे उदाहरण येथे सोयीचे आहे, कारण तिच्या अखेरीस वाजणाऱ्या दोन रचना या दोन स्ट्राउसांच्या आहेत. 'निळी डॅन्यूब' हे वॉल्ट्झ मुलाचे, १८६७ मध्ये प्रथम सादर झालेले; आणि श्रोते ज्याच्यावर टाळ्यांचा ठेका धरतात ते 'राडेट्स्की मार्च' बापाचे, १८४८ मधील. थोरले स्ट्राउस १८०४ ते १८४९ या काळातील आणि धाकटे १८२५ ते १८९९ या काळातील, त्यामुळे १८४९ नंतरची रचना दिसली की निर्णय आपोआप होतो. त्याआधीच्या पाच वर्षांत मात्र जपून राहावे लागते, कारण मुलाने बापाच्या विरोधाला न जुमानता १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि काही काळ एकाच शहरात एकाच नावाचे दोन वाद्यवृंदप्रमुख परस्परांचे स्पर्धक होते. तिसरे योहान स्ट्राउसही होऊन गेले. ते धाकट्यांचे पुत्र नसून पुतणे. जर्मन संगीतकार रिखार्ड स्ट्राउस यांचा या घराण्याशी काही संबंध नाही.

द्युमांचे प्रकरण तीन पिढ्यांचे आहे. पहिले अलेक्झांडर द्युमा हे फ्रेंच क्रांतीच्या काळातील सेनापती. त्यांनी वडिलांचे उमराव घराण्याचे आडनाव टाकून आईचे 'द्युमा' हे नाव घेतले होते, आणि त्यांची आई आजच्या हैतीच्या भूमीवरील गुलाम स्त्री होती. दुसरे द्युमा १८०२ मध्ये व्हिलेर-कोतरे येथे जन्मले. बाप्तिस्म्याच्या नोंदींबाबतच्या १५३९ च्या ज्या आज्ञेचा वर उल्लेख आला, ती याच गावी निघाली होती. १८४४ मधील 'तीन शिलेदार' ही कादंबरी यांची. तिसरे द्युमा १८२४ ते १८९५ या काळातील, आणि १८४८ मधील 'कॅमेलियाची फुले वाहणारी स्त्री' ही कादंबरी त्यांची. तिच्यावरूनच इटालियन संगीतकार व्हेर्दी यांचा 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा १८५३ मध्ये रंगभूमीवर आला. फ्रेंच लोक नावापुढे 'पिता' आणि 'पुत्र' अशा अर्थाचे शब्द लावून प्रश्न सोडवतात. मराठी लेखनात मात्र हे शब्द सर्रास गळतात, आणि साहसकथा कोणाची व शोकांतिका कोणाची हे वाचकाला कळेनासे होते. कमीत कमी 'थोरले' व 'धाकटे' एवढे तरी लिहावे, असे आमचे मत आहे.

चित्रकारांच्या घराण्यांत अडचण अधिक बिकट असते, कारण तेथे कार्यशाळा एक, शैली एक आणि कित्येकदा खूणही एकच असे. लुकास क्रानाख थोरला (१४७२–१५५३) आणि धाकटा (१५१५–१५८६) हे दोघेही चित्राच्या कोपऱ्यात पंखांचा छोटासा सर्प रंगवत. त्या सर्पाकडे नीट पाहिल्यास दिसते की १५३७ च्या आधी त्याचे पंख वटवाघळासारखे आणि उभारलेले आहेत, तर त्यानंतर ते पक्ष्यासारखे आणि मिटलेले आहेत. त्याच वर्षी थोरल्याचा मोठा मुलगा हान्स इटलीत मरण पावला आणि धाकट्या लुकासकडे कार्यशाळेची जबाबदारी वाढली. या दोन घटनांचा संबंध अभ्यासक जोडतात. तरीही १५३७ नंतरचे प्रत्येक चित्र धाकट्याचे असे मानता येत नाही, कारण बाप पुढे सोळा वर्षे जगला. पीटर ब्रॉयगल या एकाच नावाच्या चित्रकार बापलेकांबाबत खूण सहीत सापडते : थोरल्याने १५५९ पासून आडनावातील 'एच' हे अक्षर सोडून दिले आणि मुलांनी ते पुन्हा घेतले. धाकट्या पीटरने बापाच्या चित्रांच्या असंख्य नकला केल्या असल्यामुळे ते एक अक्षर बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते.

जेथे 'थोरला' आणि 'धाकटा' हे शब्द अपुरे पडतात, तेथे इतिहासकार राजांसारखे क्रमांक देतात. बाझेल येथील बेर्नुली या गणिती घराण्यात योहान पहिला, दुसरा आणि तिसरा असे लिहावे लागते. रशियात मुळातच बापाचे नाव मध्ये असल्यामुळे अशी वेळ क्वचित येते. अलेक्सेई टॉल्स्टॉय नावाचे दोन लेखक झाले, पण अलेक्सेई कोन्स्तांतिनोविच (१८१७–१८७५) आणि अलेक्सेई निकोलायेविच (१८८३–१९४५) असे पूर्ण लिहिले की वाद मिटतो. मराठीत हे मधले नाव अनावश्यक समजून गाळण्याची जी सवय आहे, ती निदान या दोघांपुरती मोडावी.

प्रश्न : एका ठिकाणी वाचले की अकिले लाउरो १९९४ मध्ये आग लागून बुडाले, दुसऱ्या ठिकाणी ते १९८२ मध्येच वारल्याचे दिले आहे आणि तिसऱ्या ठिकाणी ते २०२२ मध्ये गाण्याच्या स्पर्धेत उतरले होते. यातील खरे काय?

उत्तर : तिन्ही खरे आहे. इतके चांगले उदाहरण आम्हाला शोधूनही सापडले नसते.

अकिले लाउरो (१८८७–१९८२) हे नेपल्सचे जहाजमालक आणि राजकारणी. १९५० च्या दशकात ते त्या शहराचे महापौर होते. त्यांच्या कंपनीने १९६० च्या दशकात एक डच प्रवासी जहाज विकत घेऊन त्याला मालकाचे नाव दिले. या जहाजाचे आधीचे नावही एका माणसाचेच होते, विलेम राइस. ते रॉटरडॅमच्या जहाज कंपनीचे प्रमुख होते आणि १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना ओलीस धरून गोळ्या घातल्या होत्या. म्हणजे एकाच लोखंडी सांगाड्याने दोन माणसांची नावे मिरवली. ऑक्टोबर १९८५ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी या जहाजाचे अपहरण करून एका अमेरिकी प्रवाशाची हत्या केली, तेव्हापासून हे नाव जगभर गेले. मालक लाउरो त्याआधी तीन वर्षे निवर्तले होते. नोव्हेंबर १९९४ च्या शेवटच्या दिवशी सोमालियाजवळ जहाजाला आग लागली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ते बुडाले. आणि गायक अकिले लाउरो यांचा जन्म १९९० चा. त्यांचे खरे नाव लाउरो दे मारिनिस. जहाजमालकाचे जे आडनाव, ते गायकाचे मूळचे पहिले नाव आहे. २०२२ मध्ये ते युरोव्हिजन स्पर्धेत सान मारिनोच्या वतीने गायले.

जहाजांना पूर्ण नाव आणि आडनाव देण्याची युरोपात जुनी चाल असल्यामुळे हा घोळ एकट्या लाउरोंपुरता नाही. आंद्रेआ दोरिया (१४६६–१५६०) हा जेनोआचा नौसेनापती. पण '१९५६ मध्ये आंद्रेआ दोरिया बुडाले' याचा अर्थ न्यूयॉर्ककडे निघालेले त्या नावाचे इटालियन प्रवासी जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नँटकेट बेटाजवळ 'स्टॉकहोम' या जहाजाशी टक्कर होऊन तळाला गेले, असा होतो. त्याच नावाची युद्धनौका दोन्ही महायुद्धांत होती आणि इटालियन नौदलात त्याच नावाची विनाशिका एकविसाव्या शतकातही आहे. हेल्गे इंग्स्ताद हे नॉर्वेचे संशोधक १०१ वर्षांचे होऊन २००१ मध्ये वारले. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील नॉर्स (व्हायकिंग) वस्तीचा शोध पत्नी आने स्तीने यांच्यासह त्यांनी लावला. 'हेल्गे इंग्स्ताद' ही नॉर्वेची युद्धनौका मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये बेर्गनजवळ तेलवाहू जहाजाला धडकून बुडाली.

मराठीत या प्रकरणाला एक खास फाटा फुटतो. 'इंग्स्ताद बुडाले' या वाक्यातील क्रियापद नपुंसकलिंगी जहाजालाही चालते आणि आदरार्थी बहुवचनात माणसालाही चालते, त्यामुळे व्याकरण वाचकाच्या मदतीला येत नाही. नावाआधी 'युद्धनौका', 'प्रवासी जहाज' असा एक शब्द लिहिणे हाच उपाय आहे, आणि वृत्तपत्रांनी तो सक्तीचा करावा.

नावाची कीर्ती कधीकधी माणसाकडून वस्तूकडे पूर्णपणे सरकते. विल्हेल्म गुस्तलोफ हा स्वित्झर्लंडमधील नाझी पक्षाचा म्होरक्या १९३६ मध्ये दाव्होस येथे मारला गेला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. पण त्याच्या नावाचे जहाज ३० जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत पाणबुडीने बाल्टिक समुद्रात बुडवले, तेव्हा नऊ हजारांवर माणसे, बहुतेक निर्वासित, मरण पावली असा अंदाज आहे, आणि इतिहासात ते नाव त्या जहाजामुळेच उरले आहे. याउलट शार्ल द गॉल यांच्या नावाचा विमानतळ (१९७४), अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू नौका (२००१ पासून सेवेत), पॅरिसमधील विजयकमानीभोवतीचा चौक आणि जांभळट रंगाचा एक गुलाब असूनही माणूस झाकोळला गेलेला नाही. गुलाबांचे म्हणाल तर इन्ग्रिड बर्गमन आणि कोन्राड आडेनाउअर हेही बागेत भेटतात, दोघेही तांबडे.

प्रश्न : एकाच गावात एकाच नावाची दहा माणसे असतील तर टपाल, कर, सैन्यभरती हे सगळे चालत कसे असे?

उत्तर : गावाला कधीच अडचण नव्हती; अडचण येत असे ती बाहेरून आलेल्या कारकुनाला. व्हेनिसजवळच्या किओज्जा या कोळ्यांच्या गावी बोस्कोलो आणि तिओझ्झो या दोन आडनावांचे लोक इतके आहेत की प्रत्येक कुळाला एक टोपणनाव आहे, आणि ते केवळ बोलण्यापुरते न राहता सरकारी कागदपत्रांतही आडनावाला जोडून येते. ईशान्य स्कॉटलंडमधील बकीसारख्या मासेमारीच्या गावांतही हीच रीत होती. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, एव्हान्स अशा मोजक्या आडनावांमुळे 'दूधवाला जोन्स' अशा प्रकारची धंद्यावरून पडलेली नावे चालत. फौजेत धंदाही उपयोगी पडत नसे, तेव्हा सैनिकी क्रमांकातील आकडे नावाला चिकटवत. जानेवारी १८७९ मधील दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे विल्यम जोन्स आणि रॉबर्ट जोन्स हे शिपाई '५९३ जोन्स' आणि '७१६ जोन्स' म्हणून ओळखले जात.

स्वीडनची तोड सर्वांत मजेदार आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे जी सैन्यव्यवस्था आली, तिच्यात शेतकऱ्यांचा एकेक गट एका शिपायाचा भार उचलत असे आणि त्याला एक लहानसे घर देत असे. एका तुकडीत अँडरसन आणि योहान्सन यांची गर्दी झाल्यामुळे भरतीच्या वेळीच शिपायाला एखादे आखूड नाव मिळे : रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, स्वेर्द म्हणजे तलवार. हुकूम देताना असे एका श्वासात उच्चारता येणारे नाव बरे. पण पुष्कळदा हे नाव माणसापेक्षा घराला चिकटलेले असे; जुना शिपाई गेला की त्या घरात येणारा नवा शिपाईही तेच नाव घेई. वंशावळ शोधणाऱ्यांना यामुळे रक्ताचा काडीमात्र संबंध नसलेले बापलेक भेटतात. घोळ टाळण्यासाठी काढलेल्या युक्तीतून नवा घोळ कसा निघतो, याचा हा नमुना आहे.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, साधारणपणे पहिले बापाचे आणि दुसरे आईचे. पहिले फारच सामान्य असेल तर लोक दुसऱ्याने ओळखतात. फेदेरिको गार्सिया लोर्का यांना म्हणून 'लोर्का' म्हणतात, आणि पाब्लो रुइझ पिकासो यांनी तर रुइझ सोडूनच दिले. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसते, बापाचे किंवा आईचे नाव असते. नवी घराण्याची आडनावे घेण्यास १९२५ च्या कायद्याने बंदी केली. तेथील टेलिफोनची यादी पहिल्या नावाने लावलेली असे आणि सारखी नावे वेगळी ओळखता यावीत म्हणून पुढे धंदा छापलेला असे.

प्रश्न : व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या आधी त्याच नावाचा भाऊ होता, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. ३० मार्च १८५२ रोजी त्यांच्या आईला मृत मुलगा झाला आणि त्याचे नाव व्हिन्सेंट ठेवले; पुढच्या वर्षी त्याच तारखेला चित्रकाराचा जन्म झाला. झुंडर्ट येथे वडील धर्मोपदेशक होते आणि त्या चर्चच्या आवारात पहिल्या व्हिन्सेंटचे थडगे आजही आहे. पण यात अद्भुत असे काही शोधू नये, कारण गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला देणे त्या काळी रूढच होते, आणि हे नाव तर आजोबांचे होते. काकांचेही तेच होते. हे व्हिन्सेंट काका गुपिल या कलाविक्रेत्या पेढीचे भागीदार आणि चित्रकार पुतण्या तरुणपणी त्याच पेढीत नोकर, त्यामुळे '१८७० च्या सुमाराचे कलाविक्रेते व्हिन्सेंट व्हॅन गॉग' असा उल्लेख आल्यास काका की पुतण्या हे पाहावे लागते. पुढे भावाच्या मुलालाही तेच नाव मिळाले. ॲमस्टरडॅममधील संग्रहालय उभे राहिले ते या पुतण्याच्या प्रयत्नाने.

साल्व्हादोर दाली यांच्या घरी बापाचे नाव साल्व्हादोर, १९०३ मध्ये वारलेल्या मोठ्या मुलाचे साल्व्हादोर आणि १९०४ मध्ये जन्मलेल्या चित्रकाराचेही साल्व्हादोर. दालींनी याचे पुढे बरेच भांडवल केले. संगीतकार बेटोफेनची (बीथोव्हनची) कथा अधिक हृद्य आहे. १७६९ मध्ये जन्मलेला लुडविग मारिया हा त्याचा भाऊ अवघे सहा दिवस जगला, आणि स्वतः बेटोफेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी झाला. १८१० मध्ये त्याने मित्र वेगेलर याला पत्र पाठवून स्वतःचा दाखला मागवला, तेव्हा त्याने बजावले की आपल्या आधी एक लुडविग होऊन गेला आहे, त्याचा कागद चुकून आणू नये. योग्य दाखला हाती आला, तरी त्याला तो पटला नाही. आपण १७७२ मध्ये जन्मलो असे समजून त्याने हा कागद भावाचाच असावा असे ठरवले. नामसाधर्म्याने खुद्द नावाच्या धन्यालाच चकवल्याचे इतके भक्कम उदाहरण दुसरे नसेल.

प्रश्न : नटांची नावे कधी जुळलेली दिसत नाहीत. त्यांच्यात काही नियम आहे का?

उत्तर : ब्रिटनमधील 'इक्विटी' या नटांच्या संघटनेत दोन सदस्यांनी एकच व्यावसायिक नाव वापरू नये असा दंडक चालत आला आहे. डेव्हिड मॅकडोनाल्ड यांना म्हणूनच डेव्हिड टेनंट व्हावे लागले. लंडनमध्ये जन्मलेले जेम्स स्टुअर्ट यांनी अमेरिकी जेम्स स्टुअर्ट यांच्यामुळे 'स्टुअर्ट ग्रेंजर' हे नाव घेतले, आणि गायक डेव्हिड जोन्स हे 'मंकीज' या गायकवृंदातील डेव्ही जोन्सशी गफलत नको म्हणून डेव्हिड बोवी झाले. तरी जुळणी पूर्ण टळत नाही : अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन १९८० मध्ये वारले आणि ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन यांचा जन्म १९६९ चा.

प्रश्न : रॉबर्ट शुमान हे संगीतकार युरोपीय संघाचे शिल्पकार कसे?

उत्तर : ते नव्हेत. संगीतकार शुमान जर्मन, १८१० ते १८५६. राजकारणी शुमान फ्रेंच, जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्ग येथे, मृत्यू १९६३. कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक यंत्रणेखाली आणावे, ही ९ मे १९५० ची घोषणा दुसऱ्यांची. रोमन लिपीत संगीतकाराच्या आडनावाच्या शेवटी 'एन' दोनदा येतो आणि राजकारण्याच्या एकदाच. देवनागरीत हा फरक पुसला जातो. फ्रेंच उच्चाराप्रमाणे राजकारण्याचे नाव 'रोबेर' असे लिहिले, तर बराच गोंधळ वाचतो.

प्रश्न : संशोधनाचे टिपण करताना हे सारे लक्षात कसे ठेवावे? ग्रंथालये काय करतात?

उत्तर : ग्रंथालये नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे लिहितात, आणि वर्षे ठाऊक नसतील किंवा तीही जुळत असतील तर व्यवसाय लिहितात. सतराव्या शतकातील उपहासकार कवी सॅम्युएल बटलर आणि एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकार सॅम्युएल बटलर यांची पुस्तके एका फळीवर येत नाहीत, ती या वर्षांमुळेच. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील अशा नोंदी 'व्हीआयएएफ' या सामाईक सूचीत एकत्र जोडलेल्या आहेत, आणि तीत शोध घेतल्यास एका नावाचे सर्व धनी वर्षांसह समोर येतात. हयात संशोधकांसाठी २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा स्थानांचा क्रमांक आहे. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले तरी तो बदलत नाही. लेखकाच्या नावाखाली तो छापलेला असल्यास टिपणात उतरवून घ्यावा. जहाज, विमानतळ किंवा गुलाब यांना अर्थातच असा क्रमांक नसतो, तेथे वस्तूचा प्रकार आणि वर्ष हीच नोंद पुरते.